शेवटची तपासणी, साल २०९९

वारूळवाडीत घरी बसून प्रज्ञा एक मोफत साधन सांभाळायची. प्रोग्रामच्या साऱ्या फाइली एकत्र बांधून त्यांचं एक पॅकेज करणारं. ते साधन रोज पहिल्यांदा सुरू होताना, आपली नवी आवृत्ती निघालीय का, हे इंटरनेटवर बघायचं आणि त्या तपासणीची तारीख नोंदवून ठेवायचं.

एकदा तक्रार आली की मराठी नावांच्या फाइली पॅकेजमधून गळतात. प्रज्ञा चक्रावली. ही चूक तर तिनं दोन महिन्यांपूर्वीच काढली होती. तक्रारीसोबत आलेली साधनाची नोंद ती वाचत गेली, तर एका ओळीत लिहिलेलं: शेवटची तपासणी, साल २०९९.

तिला राहवेना. तक्रार करणारा समाधान डिंभ्याचा निघाला. फोन करून दुसऱ्या दिवशी ती एसटीनं त्याच्याकडे गेली.

समाधान मच्छीमार सोसायटीसाठी माशांच्या वजनाची नोंद ठेवायचा प्रोग्राम लिहीत होता. तारीख आपणच हातानं बदलली, हे त्यानं सरळ कबूल केलं. का, ते सांगण्याऐवजी त्यानं ती पुसून साधन चालू केलं. रेंज जेमतेम एक काडी. साधन उत्तराची वाट बघत तीस सेकंद ढिम्म उभं राहिलं, मग कामाला लागलं. उत्तर मिळालंच नव्हतं, म्हणून पुढच्या खेपेलाही तेच. दिवसातून चाळीसदा चालवावं लागतं, असं तो म्हणाला; २०९९ टाकलं की साधन तपासायलाच जात नाही.

प्रज्ञाला वाटलं, सोपं आहे, तपासणी बंद करायची सोय देऊन टाकू. पण समाधान घुटमळला.

"बंद केली म्हणूनच तुमची दुरुस्ती मला कळली न्हाई, ताई. नवीन नको असं न्हाई. मी इचारीन तवा सांगावं."

परतीची एसटी दीड तास आली नाही. थांब्यावर बसून तिनं वहीत तीन पर्याय मांडले: रोज बघ, कधीच बघू नको, विचारल्यावरच बघ. एकदा निवडलं की त्या कॉम्प्युटरवर कायम; काहीच निवडलं नाही, तर पूर्वीसारखं रोज. आणि वाट बघायची ती दोनच सेकंद.

आठवड्यानं तिनं नवी आवृत्ती काढली. समाधाननं घोडेगावात चांगली रेंज मिळाल्यावर ती उतरवून घेतली. फाइली गळायच्या थांबल्या, असं त्यानं कळवलं.

त्याच दिवशी साधन वापरणाऱ्या आणखी कुणीतरी लिहिलं: मुळात न विचारता रोज बघायचं, हे तुम्ही कशावरून ठरवलं?

प्रज्ञानं उत्तर टाइप केलं, पुसलं. खरंच, कशावरून? तेव्हा तिनं कुणालाच विचारलं नव्हतं. वापरणाऱ्यांना काय विचारायचं ते लिहायला ती वहीचं कोरं पान उघडून बसली.