इमानदार डबा

आमच्या गावात भांडण झालं की कोर्टात जायच्या आदी पंच बसवत्यात. घरटी एक नाव, चिठ्ठ्या डब्यात, आन् काढायचे सात. डबा धर्माजीच्या घरी. का, तर त्येच्या बापाच्या येळेपासून तिथंच हाय. आता ह्याच धर्माजीनं आमच्या मेंढरांची पाण्याला जायची वाट तारा मारून बंद केली, आन् पंच निघणार त्येच्याच डब्यातनं. हसावं का रडावं, सांगा. वाट गेली तर मेंढरं इकल्याबिगर गत्यंतर नव्हतं.

माझी रोहिणी जुन्नरला कॉलेजात संख्याशास्त्र शिकवती. ती म्हणली, "आये, गावात तीन घरांमागं एक घर आपल्या धनगरांचं. मागच्या पाच भांडणांत मिळून पस्तीस पंच बसले. त्यात आपले किती?"

"दोन. नशीब आपलं."

"नशीब का लबाडी, ते तपासता येतं. आदी धरून चालायचं की डबा इमानदार हाय. मग बघायचं, इमानदार डब्यातनं एवढी कमी नावं निघतील का."

तिनं गणित केलं. असं दहा हजारांत एखाद्या येळी व्हईल म्हणली. माझ्या अंगाची लाही झाली. इतकी वर्सं आमी आपले नशिबाला बोल लावत बसलो, आन् हा बाबा घरात बसून चिठ्ठ्या निवडत व्हता.

भैरोबाच्या देवळात गाव जमलं तवा रोहिणीनं समदं उभं ऱ्हाऊन सांगितलं. मला वाटलं, धर्माजी आता आकांडतांडव करणार. कसलं काय. गूळ खाल्ल्यावानी बोलला.

"पोरगी हुशार हाय. चूक झाली आसंल. आता हितंच काढू, चिठ्ठ्या हिनंच मोजाव्या. फकस्त एक करू. नात्यातला पंच नको. दोन्हीकडच्यांनी हरकत घ्यावी, मंग दुसरी चिठ्ठी काढू."

गावानं माना डोलावल्या. रोहिणीलाबी ते रास्तच वाटलं. तिनं एकूण एक चिठ्ठी उघडून बघितली, मोजली, परत घडी घातली.

चिठ्ठ्या निघाय लागल्या. आमच्यातली सारजाबाई निघाली. धर्माजी म्हणला, "नात्यातली हाय." तिचं आमचं नातं पार चुलत-चुलत लांबचं, तरी गेली. हनुमंत निघाला, त्योबी नात्यातला. मग निघाली आमच्यातलीच कुशाबाई. तिचा पोरगा धर्माजीचा टेम्पो चालवतो. ती ऱ्हायली. धर्माजीच्या भावकीतली पाच नावं निघाली, ती कुणाच्या नात्यातली न्हाईत जणू. आमी हरकत घेतली तर म्हणला, "अर्धं गाव माझी भावकी हाय, मग पंच आभाळातनं आणू का?" लोक हसले.

शेवटाला निघाला ज्योतिबा. माझ्या पाठचा, सख्खा भाऊ. मी धर्माजीकडं बघितलं. त्यो सुपारी कातरत बसला, तोंडातनं ब्र काढला न्हाई. तवाच मी वळखलं. ज्योतिबा धर्माजीचंच रान वाट्यानं करतो.

रोहिणी माझ्या कानाशी लागली. "सातात आपले दोन, आये. बरोबर हाय." पोरीचा चेहरा एवढा फुललेला, मला काय बोलवंना. आन् बोलणार तरी काय, माझा भाऊ मला नको म्हणून?

निकाल एकमतानं लागला. सांगायला ज्योतिबालाच उभा केला. खाली फरशीकडं बघून म्हणला, "त्या वाटंवर म्हाळसाबाईचा हक्क लागत न्हाई." अक्का म्हणला न्हाई, म्हाळसाबाई म्हणला. ल्हानपणी ह्येला मी कडंवर घेऊन मेंढरामागं हिंडले. तोंडात मारल्यासारखं झालं मला.

धर्माजी उठला. "रोहिणीबाई, लाव आता तुजं गणित. डबा कसा हाय?"

खोटं बोलायची सवय न्हाई माझ्या पोरीला. तिनं बोटांवर परत एकदा मोजलं. मग म्हणली, "गणितात काय चूक दिसत न्हाई."

मेंढरं इकली. बाजारात न्यायला टेम्पो धर्माजीचाच मिळाला, चालवायला कुशाबाईचा पोरगा. ज्योतिबा चढवू लागायला आला व्हता. मी त्येला पाणीसुदीक इचारलं न्हाई.

रोहिणी आता घरी आली तरी गावातल्या कुठल्या बैठकीला जात न्हाई. परवा दुसऱ्या भांडणाचे पंच काढले. एका म्हाताऱ्यानं शंका काढली तर धर्माजी समद्या गावासमोर म्हणला, "डबा रोहिणीनं तपासलाय."