वीत आणि चार बोटं

दिवाणखान्यात सोफ्याशेजारी आडवी पडलेली स्टेपनी. तिच्यावर मनीप्लँटची कुंडी.

मोजणी कार्यालयाच्या भिंतीवरची पाटी: ‘आधी साखळी तपासा, मग जमीन मोजा.’ अक्षर वळणदार, ‘साखळी’ला दोनदा अधोरेखित.

दोन लोहचुंबक. सोबत कागद. त्यात लिहिलंय की हे नळीला बांधले की डिझेलचे कण शिस्तीत रांगेने इंजिनात जातात.

रेडिओ, स्पीकर धरून, पावणेदोन किलो.

बायकोचा उजवा गुडघा.

अकरा.

हे सगळं आता एका गाडीत बसवायचं आहे. काळजी नको, गाडी मोठी आहे.

गाडी डिझेलची, चारही चाकांनी ओढणारी, वयाने थोरल्या मुलीएवढी. मुलगी लग्न होऊन गेली, गाडी दारात राहिली. निवृत्त मोजणीदारांचा सगळा जीव तिच्यात. ते तिला गाडी म्हणत नसत, नुसतं ‘ती’ म्हणत. ‘आज सकाळी ती जरा खोकली.’ ‘चढ आला की तिला दम लागतो हल्ली.’ शेजारच्या काकू किती तरी दिवस बायकोच्या तब्येतीची चौकशी करायला येत होत्या. बायको मात्र गाडीला रणगाडा म्हणायची. रणगाड्यात चढताना एक हात दाराला, एक हात नवऱ्याच्या खांद्याला आणि उजवा गुडघा देवाच्या हवाली, अशी तिची कवायत असे.

ॲव्हरेजचं म्हणाल, तर चार माणसं जमली की मोजणीदार सांगत, ‘अकरा देते. लिटरला अकरा.’ कोणी विचारलेलं नसे. लग्नात सांगत, दवाखान्याच्या रांगेत सांगत, एकदा एका मयतालाही सांगून आले. मोजलं कधीच नव्हतं. इतक्या छातीठोकपणे सांगायची गोष्ट मोजायची कशाला?

मग एका दुपारी मेहुणा आला, आणि येताना एका नर्सरीवाल्याला घेऊन आला. नर्सरीवाल्याला कुंड्या वाहायला दणकट गाडी हवी होती.

“मी विकणार नाही,” मोजणीदार म्हणाले.

“दाजी, पाच पण देत नसेल ती,” मेहुणा म्हणाला. “धूर बघा. डास मारायला बरी आहे.”

“अकरा देते!”

“देते ना?” बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. “मग देऊ द्या की. एक महिना घ्या. शेवटच्या रविवारी टाकी भरून मोजायचं. अकरा आले तर रणगाडा मरेपर्यंत दारात, मी तोंडातून ब्र काढणार नाही. नाही आले तर हे भाऊ घेऊन जातील, आणि मी लहान गाडी घेईन. जिच्यात माणूस चढत नाही, बसतो.”

“मान्य!” मोजणीदारांच्या तोंडून गेलं. तोंड त्यांचंच होतं, पण त्या क्षणी त्यांना ते परकं वाटलं.

८.६

पहिल्या मोजणीत आले आठ पूर्णांक सहा. मोजणीदारांनी टाकी गळ्यापर्यंत भरली, गाडी धरून गदागदा हलवली, हवेचे बुडबुडे निघाले, पुन्हा भरली. पंपावरची बाई म्हणाली, “काका, बाळाला पाजून ढेकर काढतात तसं चाललंय तुमचं.”

“मोजणी म्हणजे मोजणी,” काका म्हणाले.

मोजणीबद्दल त्यांना कोणी काही शिकवू नये. तीस वर्षं त्यांनी डोंगर मोजले, ओढे मोजले, भावाभावांच्या बांधावरची भांडणं मोजली. भिंतीवरची ती पाटी त्यांच्याच अक्षरातली. एकदा हाताखालच्या एका माणसाने अख्खा डोंगर मोजून आणला आणि मग कळलं, त्याच्या साखळीच्या कड्या झिजून ती वीतभर लांबली होती. लांब साखळीने मोजलं की जमीन कमी भरते. मोजणीदारांनी त्याला भर उन्हात तोच डोंगर पुन्हा मोजायला लावला आणि त्याचं नाव ठेवलं वीतभर. तो माणूस पुढे बढती घेऊन निवृत्त झाला, निरोप समारंभात हार-तुरे झाले, पण भाषणात सगळे त्याला वीतभरसाहेबच म्हणाले.

९.१

मिस्त्रीने एअर फिल्टर काढून जमिनीवर आपटला. त्यातून जे निघालं त्यात एक झाड लावता आलं असतं.

“साहेब, एवढ्या मातीत श्वास कसा घेणार बिचारी?”

“ती तक्रार करत नाही.”

नोझल साफ झाले, चाकांत हवा नीट भरली, एका बाजूचा ब्रेक घासत होता तो मोकळा झाला. मग मिस्त्री पुढच्या चाकाशी वाकला आणि तिथेच थांबला.

“पुढची चाकं इंजिनाला जोडायची खिट्टी लावलेलीच आहे. कधीपासून?”

“डोंगरावर गेलो होतो तेव्हा लावली.”

“कधी गेला होता?”

मोजणीदारांनी आठवून पाहिलं. “मुलीच्या लग्नाआधी.”

मुलीचा मुलगा आता शाळेत जात होता. इतकी वर्षं ती सपाट रस्त्यावरही चारही चाकं ओढत होती. मिस्त्रीने खिट्टी काढली आणि फडक्याला हात पुसले, जरा जास्तच वेळ.

९.४

मेहुणा लोहचुंबक घेऊन आला. शत्रूपक्षाचा असूनही आला, कारण फुकटचा सल्ला द्यायची संधी सोडणं त्याच्या रक्तात नव्हतं. मोजणीदारांनी चुंबक बांधले. ॲव्हरेज जिथे होतं तिथेच राहिलं, फक्त काचेजवळ ठेवलेलं होकायंत्र तेव्हापासून कायम इंजिनाकडे बोट दाखवू लागलं.

मग सुरू झालं वजन उतरवणं. टपावरचं कॅरिअर उतरलं. मागची सीट उतरली आणि व्हरांड्यात गेली. तिच्यावर शेजारची मांजर रुजू झाली. जॅक उतरला, पान्हे उतरले, पायाखालच्या चटया उतरल्या. मागच्या दारावरची स्टेपनी उतरली आणि दिवाणखान्यात आली. बायकोने तिच्याकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं, आणि तिच्यावर मनीप्लँटची कुंडी ठेवली. मोजणीदार उरलेला महिना त्या स्टेपनीशेजारी बसून चहा पीत राहिले आणि वहीत आकडे लिहीत राहिले.

शेवटी रेडिओ उतरला. इतकी वर्षं त्याच्या खणखणाटाशिवाय गाडी कधी सुरू झाली नव्हती.

“आता कोणाचं वजन कमी करायचं राहिलंय?” बायकोने विचारलं.

मोजणीदारांच्या मनात एक विचार आला. तो त्यांनी गिळला. संसार असेच टिकतात.

९.८

चालवण्याची रीतही बदलली. मोजणीदार अनवाणी चालवू लागले, पायाच्या अंगठ्याला ॲक्सिलरेटरची नस कळावी म्हणून. दोन चौक आधीच सिग्नलचा अंदाज घेऊन ॲक्सिलरेटर सोडून द्यायचा, ब्रेक शक्यतो लावायचाच नाही. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायच्या. एकदा एक सायकलवाला पुढे निघून गेला आणि पुढे जाऊन वळून बघत राहिला, काही मदत हवी का म्हणून.

तरी नऊ पूर्णांक आठ. त्यापुढे काटा हलेना. सलग तीन वेळा नऊ पूर्णांक आठ. वहीच्या त्या पानावर मोजणीदारांनी आकडा इतका दाबून लिहिला की मागच्या चार पानांवर उमटला.

महिन्याचा शेवटचा रविवार उजाडला. नर्सरीवाला दुपारी येणार होता. सकाळी मोजणीदारांनी गाडी पुसली. पुसताना ते तिच्याशी काय बोलले ते बायकोला खिडकीतून ऐकू आलं नाही, पण पुसायला एवढा वेळ लागत नाही हे तिला कळत होतं.

“मी येते बरोबर,” ती म्हणाली. “नंतर म्हणाल, वारा उलटा होता.”

“अगं, तुझं वजन...”

“काय?”

“ये, ये.”

दार, खांदा, देव. ती चढली. चढल्यावर डोळे मिटून गुडघा दाबत बसली.

पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरून हमरस्त्याने फाट्यापर्यंत जायचं आणि परत येऊन पुन्हा भरायची. फाट्यावर मोजणीदारांनी गाडी वळवली आणि मीटरवर नजर टाकली. चव्वेचाळीस.

“फोन साडेएकोणपन्नास म्हणतोय,” बायको म्हणाली. तिने फोनवर नकाशा लावला होता.

“फोनला काय कळतं? आकाशातून मोजतो तो. आम्ही जमिनीवरून मोजायचो.”

“एवढा फरक?”

“तीस वर्षं मोजणीत गेली माझी. मीटर म्हणजे मीटर.”

ती गप्प बसली. त्यांच्या घरात ती गप्प बसली की वाद संपला असं फक्त मोजणीदारांनाच वाटायचं.

परतीच्या वाटेवर मोजणीदारांचं लक्ष कडेच्या किलोमीटरच्या दगडांकडे गेलं. सहज गेलं. ते दगड मोजू लागले. एक दगड, मीटरवर एक भरायच्या आत. दुसरा, तोही लवकर. पाच, सहा, सात. नववा दगड आला तेव्हा मीटर आठ म्हणत होता.

त्यांनी पुन्हा मोजले. पुन्हा नऊ दगड, मीटरवर आठ.

आकाशातून मोजणाऱ्या फोनला खोटं ठरवता येतं. पण तो दगड कोणी रोवलाय? मोजणीदारांच्याच जातकुळीच्या कोणी तरी, साखळी तपासून. त्यांच्या अंगठ्याला ॲक्सिलरेटरची नस कळेनाशी झाली.

“घाम का आलाय तुम्हाला?”

“वजन कमी करतोय,” ते म्हणाले.

पंपावर नऊ लिटर बसलं. मीटरवर अठ्ठ्याऐंशी पूर्णांक दोन. नऊ पूर्णांक आठ. बायकोने हिशोब तोंडीच केला आणि पहिल्यांदाच तिचा चेहरा जरा उतरला. जिंकणाऱ्याचा चेहरा असा नसतो.

घरी मेहुणा आणि नर्सरीवाला दिवाणखान्यात बसले होते. नर्सरीवाला मनीप्लँटची पानं निरखत होता.

“किती आले, दाजी?”

मोजणीदार सरळ कपाटाकडे गेले. कपाटातून मोजणीची जुनी फीत काढली. कुंडी उचलून नर्सरीवाल्याच्या मांडीवर ठेवली. स्टेपनीभोवती फीत गुंडाळली. दोन मीटर तीस. मग बाहेर गेले आणि गाडीचं मागचं चाक तुकड्यातुकड्याने, जमेल तसा फितीचा वळसा घालून मोजलं. सगळे मागोमाग आले. दोन मीटर एकोणसाठ.

“हे काय चाललंय?” मेहुणा म्हणाला.

“अकरा वर्षांपूर्वी मोठे टायर बसवले,” मोजणीदार म्हणाले. “चार. रुबाबदार दिसतात म्हणून. स्टेपनी मूळ मापाचीच राहिली.” त्यांनी हातातली फीत गुंडाळली. “मीटर चाकाचे फेरे मोजतो. त्याला वाटतं, फेरा अजून लहानच आहे. म्हणून तो कमी सांगतो. गाडी नऊ चालते तेव्हा तो आठ म्हणतो.”

“म्हणजे आज अकरा आले?” बायकोने विचारलं.

“अकराला दोन शतांश वर.”

“असं कसं?” मेहुणा उसळला. “हरायला आलं की मीटर खोटा? दाजी, तुम्हीच म्हणता ना, मीटर म्हणजे मीटर?”

आता सुटायला एकच वाट होती, आणि तिच्यावर पाटी लावलेली होती, वळणदार अक्षरात. मोजणीदारांनी गाडीकडे पाहिलं. मग बायकोकडे. मग पायाच्या अंगठ्याकडे.

“मी,” ते म्हणाले, “साखळी तपासली नव्हती.”

बायकोला ही पाटी पाठ होती. तीस वर्षं जेवताना ऐकलेली. तिने त्यांच्या हातातून फीत घेतली, फरकाइतकी, एकोणतीस सेंटिमीटर, उलगडली आणि तिच्यावर हात ठेवला. एक वीत बसली, तरी उरलं. त्यात चार बोटं बसली.

“तो बिचारा नुसता वीतभर होता,” ती म्हणाली. “तुम्ही चार बोटं वरचढ.”

मेहुणा एवढा हसला की त्याला गाडीलाच टेकावं लागलं. नर्सरीवाला मात्र कुंडी घेऊन उभा होता आणि त्याच्या डोक्यात वेगळंच गणित चाललं होतं.

“म्हणजे ही मीटरवर दिसते त्याहून कितीतरी जास्त पळलेली आहे?”

“अकरा वर्षांचा आठवा हिस्सा जास्त,” मोजणीदार म्हणाले. खोटं बोलणं आता त्यांच्या ताकदीबाहेर गेलं होतं.

“मग राहू द्या,” नर्सरीवाला म्हणाला. “कुंडी मात्र छान आहे.” कुंडी त्याने परत दिली, पण अगदी नाइलाजाने.

सगळे गेल्यावर बायको गाडीजवळ आली आणि दाराखालच्या उंचीवर हात ठेवून उभी राहिली.

“शब्द म्हणजे शब्द. राहील ती. पण इथे लोखंडी पायरी बसवायची.”

“लोखंडी? अगं, सहा किलो तरी...”

तिने फीत पुन्हा उलगडायला घेतली.

“उद्याच बसवतो,” मोजणीदार म्हणाले. “रुंद बसवतो.”

मोठे टायर बसवले त्या दिवशी मिस्त्री म्हणाला होता की आता मीटर कमी दाखवेल, पण गाडीत रेडिओ चालू होता.