मागाकचं नाव कसं पडलं

नात रडत होती आणि आम्ही मेलेल्यांची नावं घेत होतो. रीतच आहे आमच्यात. बाळ रडायला लागलं की बायका एकेका पूर्वजाचं नाव घेतात. ज्याच्या नावाला बाळ गप्प होईल, तो परत आला. माझा नवरा मागाक असाच ठरला. त्याचा खापरपणजा मागाक न्यातिती वाजवायचा. आठ तारांचं ते वाद्य त्याने छेडलं की मयताला आलेले लोक घरी जायचं विसरत म्हणे. आमच्या मागाकने छेडलं की लोकांना घरची कामं आठवतात.

पण हे त्याला सांगणार कोण? किसुमू शहरातली नोकरी गेली तेव्हा तो म्हणाला, "बरं झालं, मला वाजवायलाच पाठवलंय." थोरला मुलगा तापाने गेला तेव्हाही तो त्या तारांनाच धरून बसला. खापरपणज्याचं राहिलेलं काम पुरं करायला आपण आलोय, या एका आधारावर त्याने पन्नाशी गाठली. म्हणून मी गप्प राहिले. एरवी माझं तोंड सगळ्या गावाला माहीत आहे.

येत्या शनिवारी शेजारच्या म्हाताऱ्याची माती होती, तिथे मागाक वाजवणार होता. आज तो सकाळपासूनच दारात कपाळाला आठ्या घालून तारा जुळवत बसला होता. आत नात थांबेना. घेऊन घेऊन नावं संपत आली. सून पामेला रडवेली झाली. शेवटी कोपऱ्यातून सासूबाई करवादल्या, "अगं, आधी पाज तिला. पाजताना जे नाव चालू असेल ते तिचं. मागाकचं तसंच तर झालं."

बाहेर तारा थांबल्या.

"कसं झालं, आई?" मागाकने विचारलं.

"कसं म्हणजे? दोन दिवस भोकाड पसरलं होतंस. बायका नावं घेतायत, माझी छाती दुधाने ठणकतेय. दिलं कोंबून तोंडात. तेव्हा तुझी आत्या 'मागाक' म्हणत होती. सगळ्या खूश झाल्या. मी कशाला बोलू? मला झोप हवी होती."

"म्हणजे तो परत आलाच नव्हता?"

"मला काय ठाऊक? तू दूध प्यायला आलास एवढं मला दिसलं."

"मग मी कशाला आलो?"

सासूबाईंनी जरा विचार केला. "कशाला आलो हे मला तरी कुठे कुणी सांगितलं रे? आले, राहिले."

तो उठून आंब्याखाली जाऊन बसला. मक्याची उगाली आणि मासळी गार झाली. मला भीती वाटली, आणि म्हातारीचा रागही आला. शेवटी मी गेले, तर त्याचे खांदे हलत होते. रडतोय समजून मी पाठीवर हात ठेवला. तो हसत होता.

"नेरिया, शनिवारी मी नाही वाजवलं तर चालेल?"

"चालेल? गाव तुझे पाय धुऊन पाणी पिईल."

"इतकं वाईट वाजवतो?"

"आता विचारलंसच म्हणून. हो."

"इतकी वर्षं बोलली नाहीस."

"थोरला गेल्यावर तुला धरायला दुसरं काय होतं?"

त्याने पायाजवळचं एक वाळकं पान उचललं. मग म्हणाला, "तू होतीस की."

मी वाळकी पानं गोळा करत बसले. इतकं हलकं मला लग्नानंतर कधी वाटलं नव्हतं.

घरात येऊन त्याने नातीला उचललं. "हिच्या मानेवर कुणालाही बसवू नका. सुगीत आलीये ना, मग आकेयो म्हणा," तो म्हणाला. सुगीत जन्मलेल्या मुलींना आम्ही तेच म्हणतो. पामेलाचा चेहरा उजळला.

संध्याकाळी अंगणातून पुन्हा तारा ऐकू आल्या. वाजवणं तसंच लंगडं, पण चाल ओळखीची नव्हती. आकेयो आणखीच जोरात रडायला लागली. तो वाजवतच राहिला.

सासूबाईंनी कान टवकारले. "हे गाणं जुन्या मागाकचं नव्हे. कुणाचं गं?"

मी काही बोलायच्या आत अंगणातून उत्तर आलं.

"तो दूध प्यायला आला होता ना, आई? त्याचं."