माझ्या कण्याचा मागचा तुकडा

मी एक जुनी शिडाची बोट आहे, मित्रांनो, आणि मी अजून काहीही विसरलेली नाही.

शेवटचा साधा दिवस तर मुळीच नाही. दूर पूर्वेकडच्या बांदा नावाच्या समुद्रात एका बेटासमोर मी नांगरून उभी होते. डेकवर मोजकेच पाहुणे भात आणि भाजलेले मासे खात बसले होते. दुरून इमारतीएवढं एक जहाज गाणी वाजवत गेलं. एका पाहुण्या बाईंनी विचारलं, त्याच्यात आणि तुमच्यात फरक काय?

आमचे कप्तान दाएंग मल्लावा म्हणाले, "त्यांना उद्या कुठे असणार ते ठाऊक असतं. आम्हाला समुद्राला विचारावं लागतं."

त्यांची मुलगी हस्निदार पाहुण्यांना बेटं दाखवायचं काम करी. वडिलांना ती तेत्ता म्हणे. "आणि तेत्ता, समुद्र नाही म्हणाला तर?"

"तर इथेच बसून जेवायचं. फक्त तू रांधू नकोस, पाहुणे पोहत घरी जातील."

माझा जन्म आरा गावच्या वाळूवर झाला. तिथे बोटीचा कणा, म्हणजे बुडाचं मुख्य लाकूड, घातला की त्याची दोन्ही टोकं करवतीने कापतात. पुढचा तुकडा समुद्रात टाकतात, तो जाणाऱ्याचा. मागचा घरी ठेवतात, तो वाट बघणाऱ्यांचा. माझा तुकडा कप्तानांच्या बायकोने आढ्याला बांधला. ती गेल्यावर हस्निदार त्याला तेल लावू लागली. तो तुकडा आणून शेजारी ठेवल्याशिवाय गावातला एकही सुतार माझ्या कण्याला हत्यार लावत नाही.

मी लहान, म्हणून जिथे धक्का नाही तिथेही जात असे. पाहुणे गुडघाभर पाण्यातून किनाऱ्यावर चढत. त्याआधी कप्तान एकटे जाऊन गावच्या म्हाताऱ्यांपुढे विडा ठेवत आणि परवानगी मागत. गावात कुणी गेलेलं असलं की आम्ही मुकाट्याने परत फिरत असू. पाहुणे पहिल्या दिवशी कुरकुरत आणि निघताना माझ्या कठड्याला हात लावून रडत.

पुढे, त्या साध्या दिवसाच्या आधीच, सुतेजा नावाच्या माणसाने मला विकत घेतलं; कप्तान तेच राहिले. त्याला सगळे बॉस म्हणत.

त्या साध्या दिवसानंतरच्या सकाळी प्रवाळावर लाटा फुटत होत्या. आज कुणी उतरणार नाही, असं कप्तानांनी सांगितलं. वायरलेसवर बॉस म्हणाला की पाहुण्यांना याच बेटाचे फोटो दाखवलेत, उतरवा. कप्तान पुन्हा नाही म्हणाले.

"मग निदान जवळ जाऊन बघून या. की म्हातारपणी हात कापतात?"

कप्तान छोटी होडी घेऊन एकटेच गेले. माझ्या नाकात नांगराची साखळी होती. मी नुसती बघत राहिले. होडी परत आली ती उलटी होऊन.

माझ्याच डेकवर झालेल्या दुखवट्याच्या जेवणाला बॉस आला. म्हाताऱ्याचा अंदाज चुकला, असं त्याने सगळ्यांना हळहळत सांगितलं. हस्निदारने त्याला आणखी भात वाढला. मित्रांनो, तिचा हात जराही हलला नाही, तेव्हाच मला कळलं की ही माझ्याच जातीची आहे, काही न विसरणारी.

मग मी धक्क्याला बांधून पडले. बुडाला शिंपले चिकटले, फळ्यांत कीड शिरली. अखेर बॉसने मला आराच्या वाळूवर ओढून आणलं. मला मधोमध कापून लांब करायचं, वर मजले चढवायचे आणि शंभर माणसं वेळापत्रकाने फिरवायची, असा त्याचा बेत होता. सुतारांनी हत्यारं खाली ठेवली. आधी तुकडा आणा, म्हणाले. तो हसला. मग चिडला. मग दुसरा लाकडाचा ठोकळा घेऊन आला. मुख्य सुताराने त्याचा वास घेतला आणि तो चुलीकडे टाकला.

शेवटी बॉस हस्निदारच्या घराची शिडी चढला. घर वाळूलगतच, उंच खांबांवर आहे, सुतार खाली सावलीत बसले होते, आणि मला सगळं ऐकू येत होतं. त्याने गोड बोलून तुकडा मागितला. तिने त्याला कॉफी दिली, तुकडा सोडवला आणि मांडीवर घेतला.

मित्रांनो, बोटीला रंग लावला म्हणजे तिची काळजी घेतली असं होत नाही. तिच्या कप्तानाने नाही म्हटलं की थांबावं लागतं. जो थांबत नाही, त्याच्यासाठी पुन्हा तरंगण्यापेक्षा इथे कुजणं मला गोड आहे.

हस्निदार खालच्या सुतारांनाही ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

"बॉस, तेत्ता दोनदा नाही म्हणाले होते. मी शेजारीच उभी होते. त्यांचे हात कधीच कापत नव्हते. त्यांना समुद्राने नेलं नाही, तुम्ही पाठवलंत. हा तुकडा इथेच राहील. कॉफी प्या, आणि खिडकीतून बोट कुजताना बघा."