पट्ट्याचं वळण

मिस्त्रींची लेक लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आली आणि तासाभरात 'बाबा म्हणतात' हे शब्द सात वेळा बोलली. बाबा म्हणजे मिस्त्री नव्हेत. बाबा म्हणजे तिचे सासरे. मिस्त्री हिशेबाचे पक्के. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि घरालगतच्या आपल्या सुतारकामाच्या कारखान्याच्या भिंतीला टेकलेल्या एका फळीवर सात रेघा ओढल्या.

"बाबा म्हणतात, चहाला एक उकळी आली की गॅस बंद करावा. नाहीतर कडवट होतो."

आठ. पंचवीस वर्षं या घरात चहा खळखळा उकळत होता आणि पोर तोच पिऊन वाढली होती. पण ते आता कोणाला आठवतंय!

लहानपणी ती दिसेल त्या फटीत शिरून बसायची, म्हणून मिस्त्रींनी तिचं नाव 'पाचर' ठेवलं होतं. मोठी झाल्यावर बँडसॉवर, म्हणजे वरच्या-खालच्या चाकांवर पातं फिरणाऱ्या करवतीच्या मशीनवर, मिस्त्रींनी फळी पुढे सरकवायची आणि पलीकडून पाचरने धरायची, हे ठरलेलं. व्याही निवृत्त फिटर. सगळी हयात मशीनची दुखणी काढण्यात गेलेली. नाव ठेवावं म्हटलं तर माणसात जागा नाही. बोलणं गोड, सदरा पांढरा, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. अशा माणसावर जळायचं म्हणजे फार कष्टाचं काम, पण मिस्त्री कष्टाला कधी मागे हटले नव्हते.

पोटात एक गोष्ट मात्र त्यांनी दडवली होती. रोज सकाळी फोनवर पाचर विचारायची, "काम कसंय?" आणि मिस्त्री सांगायचे, "ढीग पडलाय. डोकं वर काढायला फुरसत नाही." खरं पाहता पोर सासरी गेली त्या दिवसापासून बँडसॉचं बटण कोणी दाबलं नव्हतं. किरकोळ कामं हातकरवतीवर उरकत होती. बायकोला हे ठाऊक होतं. तिने नवऱ्याचा मुलाहिजा राखून तोंडावर बोट ठेवलं होतं.

"मला एक मांडणी करायचीय. तेवढ्या फळ्या चिरून घेऊ," म्हणत पाचरने चहाचा कप बँडसॉच्या टेबलावर ठेवला आणि मिस्त्री 'थांब' म्हणेपर्यंत बटण दाबलं.

मशीन आधी गुरगुरलं. मग धडधडायला लागलं. धड्‌-धड्‌-धड्‌, लंगडा माणूस जिना उतरतोय तसं. टेबल थरथरलं, कप चालत चालत कडेपर्यंत गेला, पाचरने तो झेलला आणि मशीन बंद केलं.

"बाबा, हे काय रे? चाक डुलतंय का?"

"चाकच. वरचं. म्हातारं झालंय." मिस्त्रींनी घाईने ठरवून टाकलं. म्हातारपण बरं असतं, त्याचा दोष कोणावर येत नाही.

"काल चालवलंस तेव्हा नव्हतं होत?"

"काल ना? काल चांगलं सहापर्यंत चाललं. ढीग नाही का पडलाय!"

पाचरने मोबाइल काढला. "थांब, बाबांना बोलावते."

"मग मी काय फोटोत जाऊन बसलोय?"

"तू नाही रे, ते बाबा." आणि फोनवर तिचा आवाज एकदम धुतल्यासारखा झाला. "बाबा, तुम्ही जरा येता का इकडे? हो, मशीनच. आणि तुमची ती काट्याची डबी घेऊन या हं."

रेघ नववी.

व्याही यायला अर्धा तास होता. तेवढ्यात आपणच दुखणं काढायचं आणि त्याला दारातूनच चहा पाजून वाटेला लावायचं, असा मिस्त्रींचा बेत. त्यांनी प्लग काढला, एका ठोकळ्याला पेन्सिल बांधून तिचं टोक वरच्या चाकाच्या कडेशी आणलं आणि चाक हाताने फिरवलं. चाक डुलत असेल तर फट कमीजास्त होणार. फट जिथल्या तिथे. खालच्या चाकाचंही तेच. पुन्हा फिरवलं. आपल्याच मशीनमध्ये खोट निघावी म्हणून देव पाण्यात घालून बसायची वेळ मिस्त्रींवर आयुष्यात पहिल्यांदा आली होती.

व्याही आले. पिशवीतून मखमली डबी निघाली, डबीतून चाकाचं डुलणं मोजायचा घड्याळासारखा काटा निघाला. "काय म्हणतंय लेकरू?" त्यांनी मशीनला विचारलं. मिस्त्रींच्या मशीनला!

काटा चाकाला लावून दोन्ही चाकं फिरवून झाली. काटा हलला न हलल्यासारखा. "चाकं बिनचूक आहेत. बसवली कोणी?"

"मीच."

"गुण आहे हो तुमच्या हाताला." आता याला शिवी तरी कशी द्यायची!

मग त्यांनी पातं उतरवून मशीन चालवलं. धडधड तशीच. "म्हणजे पातं निर्दोष सुटलं." मग खालच्या चाकाला फिरवणारा मोटरचा पट्टा उतरवला आणि नुसती मोटर चालवली. मोटर तेलासारखी गुळगुळीत. "मोटरही सुटली. आता राहिलं कोण?"

"पट्टा!" पाचर ओरडली.

"शाब्बास!"

हा शाब्बास या कारखान्यात आजवर एकच माणूस म्हणत आला होता. मिस्त्रींनी दहावी रेघ इतक्या जोराने ओढली की पेन्सिलीचं टोक मोडलं.

व्याह्यांनी पट्टा बोटावर टांगला. चांगला पट्टा माळेसारखा सैल लोंबतो. हा लोंबेना. दोन्ही टोकांना पुलीएवढं कडक वळण, जसा बसला होता तसाच आकार धरून राहिलेला. त्यांनी अंगठा फिरवला आणि सहज विचारलं, "मशीन किती दिवस उभं होतं?"

"उभं? छे! रोज चालतं. काल सहापर्यंत."

व्याह्यांनी एकदा पट्ट्याकडे पाहिलं, एकदा मिस्त्रींकडे. मग म्हणाले, "पट्टा जुना झाला असेल. होतं असं."

मिस्त्रींच्या लक्षात आलं, याला सगळं कळलंय आणि हा पांघरूण घालतोय. म्हणजे आता वर उपकारही याचेच! जळायला होती नव्हती ती जागाही गेली.

पण पाचरने पट्टा हातातून घेतला. "जुना कसा? लग्नाच्या आधीच्या आठवड्यात मीच तर चढवला. हे वळण लागलंय. ताणलेला पट्टा महिनाभर एका जागी राहिला की..." ती थांबली. हा धडा तिला याच कारखान्यात मिळाला होता: चार दिवस बाहेर जायचं असलं तरी आधी पट्टा सैल करायचा. ते काम नेहमी तिच्याकडे असायचं.

"बाबा," ती म्हणाली.

दोघांनीही मान वर केली.

"मशीन किती दिवस बंद ठेवलंस?"

'ठेवलंस' ऐकताच फिटरची मान खाली गेली, आणि ते काटा मखमलीत नीट बसवायला लागले.

"चाळीस," मिस्त्री म्हणाले.

"आणि कामाचा ढीग?"

"होता की. पडून होता."

"पलीकडून धरायला माणूस नाही मिळाला?"

"दोन आले. एकाच्या तळहाताला घाम. दुसरा शिट्टी वाजवायचा."

"मीपण वाजवते."

"तू सुरात वाजवतेस."

पाचरने नाक पुसलं आणि भुसा गेला म्हणाली.

व्याह्यांनी पट्टा आणि पातं पुन्हा चढवलं. "तासभर नुसतं चालू द्या. गरम झाला की वळण सुटेल बहुतेक. नाही सुटलं तर नवा घाला." धडधड हळूहळू उतरत गेली. पाचरने चिरून बघायला म्हणून भिंतीची फळी उचलली.

"ती नको," मिस्त्री म्हणाले.

"का? या कसल्या रेघा?"

"मापं आहेत."

व्याह्यांनी चष्मा लावून रेघा मोजल्या. "दहा. कशाचं माप हो, व्याहीबुवा?"

"जिभेचं," मिस्त्री म्हणाले, आणि फळी टेबलावर घेतली. पाचर न सांगता पलीकडे गेली. पातं रेघांमधून सरळ चालत गेलं, फळी पुढे सरकत राहिली आणि पलीकडे तिच्या हातात दोन होऊन पडली.

व्याही बाजूला रिकाम्या हातांनी उभे होते. "मी काय धरू?" त्यांनी विचारलं.

या प्रश्नाची मिस्त्री सकाळपासून वाट बघत असावेत.

"तुम्ही चहा धरा," ते म्हणाले. "आमच्याकडे खळखळा उकळतात. सांभाळून प्या."