ढगळ शर्ट

सव्वीस वर्षं मी शिलाई मशीनवर बसतेय, पण माझ्या दुकानात हा शब्द कुणी उच्चारला नव्हता. उच्चारला तो माझ्या सख्ख्या धाकट्या भावाने, तेही दोन गिऱ्हाइकं समोर बसलेली असताना.

"ताई, शर्ट ढगळ झालाय गं."

मी थक्कच झाले. ढगळ म्हणजे सैल नव्हे. सैल कपडा माणूस मागून शिवून घेतो, उन्हाळ्यात बरा पडतो. ढगळ म्हणजे खांदा दंडावर उतरलेला, कॉलरमध्ये चार बोटं जातील एवढी फट, दुसऱ्याचाच कपडा अंगात घातल्यासारखं ध्यान. ढगळ म्हणजे शिवणाऱ्या बाईने माती खाल्ली.

"तुझ्याच जुन्या शर्टावरून बेतलाय," मी फणकारले. घरच्यांची मापं मी घेतच नाही. जुना कपडा पसरायचा, त्यावरून कापायचं. "धुताना पिळून ताणला असशील."

तो नुसता हसला. मी शर्ट दोन्ही बाजूंनी आत घेऊन दिला. तीन आठवड्यांनी स्वारी परत हजर, पुन्हा तेच रडगाणं. मीही धुसफुसत पुन्हा शिवण घातली.

काल तिसऱ्यांदा आला, तेव्हा माझं डोकंच सटकलं. "काढ तो शर्ट. माप घेते, एकदाचा सोक्षमोक्ष लावू."

बनियनवरून छातीला टेप लावली. छत्तीस. टेप चुकीची धरली असेल म्हणून परत लावली. छत्तीसच. ज्याच्यावरून कापलं, तो शर्ट बेचाळीस छातीच्या माणसाचा होता. माझ्या बोटांना त्याच्या बरगड्या लागत होत्या. लांबून माणूस बघून माप सांगणारी मी, आणि एवढे दिवस माझ्या पाठच्या भावाकडे धड बघितलंही नव्हतं.

"काय झालंय तुला?"

"पोटात गाठ आहे. परवा ऑपरेशन."

"कधी कळलं?"

"दोन महिने झाले."

मी स्टुलावर बसले. "दोन महिने? आणि मला एका शब्दाने बोलला नाहीस?"

"बोलायलाच येत होतो, ताई," तो शर्टाची बटणं लावत म्हणाला. "तू शर्ट हातातून ओढून घ्यायचीस आणि मशीन सुरू करायचीस."