हत्तीचं तोंड कुठल्या पातीत

देवासात एकाच गावात दोन राज्यं आहेत, हे धारच्या माणसाला सांगून पटत नाही. सासरी सगळ्यांना वाटतं, मी थट्टाच करतेय. पण आहे ते आहे. रस्त्याच्या एका बाजूला थोरली पाती, दुसऱ्या बाजूला धाकटी. राजे वेगळे, कचेऱ्या वेगळ्या, ताठा मात्र सारखाच. माझे वडील कृष्णाजी, म्हणजे आबा, थोरल्या पातीच्या नोकरीत आणि मामा यशवंतराव धाकटीच्या. घरं समोरासमोर. एकमेकांकडे जेवायला जातात आणि कुणाची पाती मोठी यावर वाद घालून हात धुतात.

लहानपणी मी आणि मामेभाऊ मालोजीनं याच भांडणाची गोष्ट केली. रद्दी कागद खळीनं जोडून लांबच लांब पट्टी केली. तिची टोकं आईच्या दोन लाटण्यांना गुंडाळली आणि एक लाटणं त्यानं, एक मी फिरवत गल्लीतल्या पोरांना चित्रं दाखवली. एक हत्ती भर रस्त्यात बसतो. तोंड थोरल्या पातीत, शेपूट धाकटीत. तोंडाकडचा शिपाई ऐटीत ऊस भरवतो, शेपटीकडचा पाटी घेऊन शेण उचलतो, आणि हत्ती नक्की कुणाचा यावर दोघं भांडत बसतात. पोरं हसून लोळायची. आबांनी मात्र कधी मान वळवून पाहिलं नाही. "कागद नासू नका," एवढंच म्हणायचे.

यंदा मालोजी ती पट्टी घेऊन धारला आला. आता तो शाळामास्तर आहे. माझ्या मुलांनी पट्टी पुन्हापुन्हा फिरवायला लावली, तेव्हा तो म्हणाला, "बकुळाताई, पोरांना असं चित्रांचं पुस्तक आहेच कुठे? छापू या." धारला जगदेवरावांचा शिळाछापखाना होता, तेही तयार झाले. पण आबा आणि मामासाहेब दोघंही दरबारचे नोकर. म्हणून ठरलं, आधी छापलेली पानं दोघांना दाखवायची. एकानं जरी नाही म्हटलं तरी पुस्तक नाही. मला ते पुस्तक फार हवं होतं. लग्न झाल्यापासून मी स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं, हे मागत होते.

बाईमाणसानं छापखान्यात जायचं कसं, म्हणून छपाईच्या दगडी शिळाच बैलगाडीतून घरी आल्या. चौघांनी त्या पडवीत उतरवल्या, सासूबाईंनी त्यांना हळदकुंकू वाहिलं. मग मी पट्टी समोर ठेवून चिकट शाईनं हत्ती काढला, जसाच्या तसा. अक्षरं छापखान्याच्या लेखनिकानं घातली. त्याला उलटं लिहायची सवय होती. शिळेवर काढलेलं कागदावर उलटं उतरतं, हे मला मात्र कुणी सांगितलं नाही.

पानं छापून आली. अक्षरं जिथल्या तिथे, डावीकडे थोरली, उजवीकडे धाकटी. हत्ती मात्र फिरला होता. तोंड धाकट्या पातीत आणि थोरल्या पातीत शेपूट. मी ते पान जगदेवरावांपुढे धरलं.

जगदेवराव म्हणाले, "बाईसाहेब, हाथी तो हाथी है. मुंडी इकडे काय नि तिकडे काय."

धारचा माणूस, त्याला काय सांगणार? मालोजीची रजा संपत आली होती. तीच पानं घेऊन आम्ही देवासला गेलो.

मामासाहेबांनी तोंड आपल्या पातीत पाहिलं आणि बाकी काही बघितलंच नाही. "अगदी बरोबर काढलंय पोरीनं. छाप बेटा, बेशक छाप," म्हणाले आणि वर पेढा दिला.

तो पेढा मुठीत तसाच घेऊन मी रस्ता ओलांडून आबांकडे गेले. आबांनी चष्मा लावला. पहिलं पान, दुसरं पान. हत्तीच्या पानावर थांबले.

"आमच्याकडे शेपूट?"

मी शिळेची गोष्ट सांगायला लागले. त्यांनी हातानं गप्प केलं आणि पान डोळ्यांजवळ नेलं.  माझं पुस्तक बुडालं, असं मी मनात म्हणूनही टाकलं.

"बकुळे, हा ऊस भरवणारा शिपाई कोण?"

आता लपवून काय होणार होतं? "तुम्ही," मी म्हटलं. "हत्तीबरोबर तुम्हीपण तिकडे गेलात."

"आणि हा शेणाची पाटी घेतलेला, ढेरीवाला?"

"मामासाहेब."

आबा हसायला लागले. असे हसले की आई चुलीवरचं सोडून बाहेर आली. "अहो, बघा तरी. यशवंतराव आमच्या पातीत शेण उचलतायत." मग मला म्हणाले, "असंच छापा. एक रेघ हलवू नका. आणि छापून होईपर्यंत यशवंतरावांना काही सांगू नका."

मला रडावं की हसावं कळेना. पानं गोळा करायला वाकले, तर त्यांनी ती सोडली नाहीत. त्या शिपायाच्या मिशीवरून बोट फिरवत होते.

"डावीकडची मिशी जरा खाली. माझी आहे खरी तशी," ते म्हणाले. "एवढी बघत होतीस होय माझ्याकडे?"

"रोज बघत होते, आबा. तुम्हीच चित्राकडे बघत नव्हता."

 त्यांनी जरा सरकून चटईवर मला जागा केली, आणि पहिलं पान पुन्हा वर काढलं.

"सांग," म्हणाले. "सुरुवातीपासून सांग."